पंढरपूरचे दमा आणि त्यांची भोकरवाडी

द. मा. मिरासदार म्हटलं की आधी हसू येतं, पण ते पेशानं मराठीचे प्राध्यापक होते हे पटकन आठवत नाही. जन्म १९२७ चा, अकलूजचा. शाळा अकलूजला आणि आपल्या पंढरपुरात. पुढे पुण्याला जाऊन एम. ए. केलं, आधी शाळेत शिकवलं, मग गरवारे कॉलेजात. वर्गात व्याकरण, बाहेर नाना चेंगट आणि बाबू पैलवान! त्यांच्या कथांमधल्या भोकरवाडीतली ही बेरकी मंडळी कुठून आली असतील, हे पंढरपूरकराला सांगायला नको. चावडीवर, पारावर दोन तास बसा, कुणीतरी भेटतंच.

शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत त्यांनी कथाकथन गावोगावी नेलं. चेहरा मख्ख ठेवून समोरच्याला लोळवायचं, ही खरी मास्तरकी. 'एक डाव भुताचा' या सिनेमात तर ते हेडमास्तरच झाले. १९९८ च्या परळी वैजनाथ साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अभिनेते रवींद्र मंकणी हे त्यांचे जावई, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

२ ऑक्टोबर २०२१ ला पुण्यात, ९४ व्या वर्षी दमा गेले. घरात पोरं असतील तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांची 'व्यंकूची शिकवणी' ही कथा मोठ्यानं वाचून दाखवा.