हँडलचा बेरिंग बदलायचाय? आधी माप, मग माल



मागच्या व्हिडिओत मी सायकलचं हँडल खोलून चिमट्याचा बेरिंग बदलून दाखवला होता. पण नवा बेरिंग नेमका कोणता घ्यायचा, हे त्या व्हिडिओत नीट सांगता आलं नाही. ते इथे सविस्तर लिहितोय. तुमचा धंदा सायकलचा नसला तरी वाचा. स्पेअर पार्ट विकणाऱ्या किंवा बसवून देणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

आधी माझी चूक सांगतो.

एक बेरिंग, चार फेऱ्या

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. तापीपलीकडच्या गावातले एक शेतकरी काका मुलाची गिअरची सायकल घेऊन आले. मुलगा बारावीला, रोज पुलावरून प्रकाशाला यायचा. पुढचा ब्रेक दाबला की हँडल खडखडायचं. मी खोललं, तर खालचा बेरिंग गंजून गेलेला. बाहेरचं माप घेतलं, ४१ मिलिमीटर. होलसेलवाल्याला मेसेज टाकला, "४१ चा बेरिंग पाठवा." आला, बसवला. छान बसला. पैसे घेतले.

आठ दिवसांनी मुलगा परत आला. हँडल ढिलं. आवळून दिलं. पुन्हा पाच-सहा दिवसांनी तेच. परत आवळलं. चौथ्यांदा काका स्वतः आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, जमत नसेल तर तसं सांगा. मी नंदुरबारला नेतो. पोरगं रोज पुलावरून येतं."

ते वाक्य मला चांगलंच लागलं. मग मी जुना आणि नवा बेरिंग शेजारी ठेवून नीट पाहिले. जुन्यावर बारीक अक्षरांत ३६°×४५° लिहिलेलं होतं, नव्यावर ४५°×४५°. बाहेरचं माप तेच, आतलं तेच, उंची तीच. फक्त आतल्या बाजूचा उतार वेगळा. त्यामुळे बेरिंग खालच्या कड्यावर पूर्ण न टेकता एका काठावर टेकत होता आणि रोजच्या धक्क्यांनी ढिला पडत होता. चूक होलसेलवाल्याची नव्हती. मी जेवढं सांगितलं तेवढं त्याने पाठवलं होतं.

हा बेरिंग असतो कुठे?

फोनवर नुसतं "हेडसेट" शोधलं तर कानाला लावायचे हेडफोन दिसतील! म्हणून आधी समजून घेऊ. सायकलच्या फ्रेमला पुढे एक उभी नळी असते. तिच्यातून चिमट्याची दांडी वर येते आणि तिला हँडल जोडलेलं असतं. त्या उभ्या नळीच्या वरच्या तोंडाला एक आणि खालच्या तोंडाला एक असे दोन बेरिंग असतात. वाट्या, कडी, बेरिंग आणि वरचे नट हे सगळं मिळून सायकलचा हेडसेट.

या दोघांत खालचा आधी जातो. खड्ड्याचा धक्का पहिल्यांदा तोच खातो आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल-पाणीही त्याच्यावरच येतं. पावसाळा संपला की आपल्याकडे ही तक्रार घेऊन येणारी गिऱ्हाइकं वाढतात, ती यामुळेच.

खराबी ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली : पुढचा ब्रेक दाबून धरा, सायकल मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट नळीच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर बेरिंग ढिला आहे किंवा झिजलाय. दुसरी : पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर छऱ्यांनी वाटीत किंवा कोनावर खड्डे पाडलेत. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून मार त्याच जागी बसत राहतो.

पहिला प्रश्न : छर्रे की सीलबंद?

खोलल्यावर आत काय दिसतं त्यावरून दोन प्रकार पडतात.

१. छऱ्यांचा हेडसेट. जुन्या साध्या काळ्या सायकली, दूधवाल्यांच्या सायकली आणि शाळेच्या मुलींच्या बऱ्याचशा सायकली यात येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आपल्या जिल्ह्यातही. त्यामुळे हे काम आपल्या भागात भरपूर आहे.

यात छर्रे सुटे असतात किंवा पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेले असतात. एक इंची आट्यांच्या दांडीला बहुतेक वेळा ५/३२ इंचाचे छर्रे लागतात. पण "बहुतेक वेळा" या शब्दांवर माल देऊ नका, मोजा. हा तक्ता दुकानात भिंतीवर चिकटवा :

- १/८ इंच = ३.१८ मिमी
- ५/३२ इंच = ३.९७ मिमी
- ३/१६ इंच = ४.७६ मिमी (पुढच्या चाकाच्या हबमध्ये सहसा हा)
- १/४ इंच = ६.३५ मिमी (मागच्या हबमध्ये आणि पायडलच्या धुरीत सहसा हा)

झिजलेला छर्रा ३.९२ भरला तर ३.९२ चा शोधत बसू नका. तो मुळात ३.९७ चा होता. मापांमध्ये अंतर एवढं आहे की गोंधळ होत नाही, फक्त मोजायचा कंटाळा करू नका.

छर्रे नेहमी सगळे एकदम बदला. दोन हरवले म्हणून दोनच नवे टाकले तर नवे थोडे मोठे असल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर येतो. सुटे छर्रे किती टाकायचे? वाटीत ग्रीस भरा, कडेने पूर्ण भरतील तेवढे लावा आणि एक काढून घ्या. फिरायला तेवढी जागा हवी. पिंजरा असेल तर कोणती बाजू वर होती त्याचा खोलतानाच मोबाईलवर फोटो काढा. उलटा बसला तर हँडल फिरवताना घासतं.

२. सीलबंद बेरिंगचा हेडसेट. गिअरच्या आणि नव्या महागड्या सायकलींमध्ये हा असतो. अख्खा बेरिंग कड्यासारखा बाहेर निघतो. दांडी बहुधा सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, म्हणजे १ १/८ इंचाची, २८.६ मिमी. काही सायकलींत दांडी खाली जाड होत जाते, खाली दीड इंच. तिथे वरचा आणि खालचा बेरिंग वेगवेगळ्या मापाचे असतात. म्हणून "जोडी द्या" म्हणण्याआधी दोन्ही मोजा.

या बेरिंगची पाच मापं लिहायची :

- बाहेरचा व्यास : ४१ आणि ४१.८ ही नेहमी भेटणारी दोन मापं. दीड इंची दांडीला खाली सहसा ५२.
- आतला व्यास : १ १/८ च्या दांडीला बऱ्याचदा ३०.१५. दीड इंचीला ४०.
- उंची : ६.५, ७, ८ वगैरे.
- आतला उतार : ३६ की ४५ अंश.
- बाहेरचा उतार : बहुधा ४५ अंश.

४१ आणि ४१.८ मध्ये एक मिलिमीटरचाही फरक नाही, पट्टीने तो कळणारच नाही. इथे वर्निअर कॅलिपर हवाच. उतार डोळ्यांनी ओळखू येत नाही. तो बेरिंगच्या कडेवर किंवा सीलवर छापलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचा. अक्षरं पुसली गेली असतील तर नवा बेरिंग जुन्या कड्यावर नुसता ठेवून पाहा. बोटाने दाबल्यावर तो डुगडुगता कामा नये.

आपल्याकडे बरेच जण हा बेरिंग मोटारपंपाच्या बेरिंगवाल्याकडे शोधायला जातात. पंपाला लागणारा ६२०२ किंवा ६२०३ तिथे पटकन मिळतो, म्हणून हाही मिळेल असं वाटतं. पण पंपाचा बेरिंग आडव्या फिरत्या शाफ्टसाठी असतो. हँडलच्या बेरिंगला वरून आणि बाजूने दोन्हीकडून दाब येतो, म्हणून त्याच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात. माप जुळवून साधा बेरिंग ठोकून बसवू नका.

नुसता बेरिंग बदलून भागणार नाही, ते कधी?

गिऱ्हाईक म्हणतं, "फक्त छर्रे टाका, बाकी चांगलं आहे." तुम्ही वाटी आणि कोन पुसून उजेडात धरा. खड्ड्यांची रांग दिसली तर नवे छर्रे त्याच खड्ड्यांत जाऊन बसतील आणि हँडल पुन्हा सरळ जागी अडकेल. अशा वेळी पूर्ण सेट बदलायचा. गिऱ्हाइकाला ते खड्डे बोट फिरवून जाणवू द्या. मग पैशावरून वाद होत नाही.

पूर्ण सेट घेताना आणखी एक फसगत होते. एक इंची दांडीच्या खाली चिमट्यावर ठोकून बसवायचं कडं दोन मापांत येतं, २६.४ आणि २७.० मिमी. दिसायला सारखीच. मोठं असेल तर सैल राहतं, लहान असेल तर ठोकताना तडकतं. चिमट्याची बैठक मोजल्याशिवाय सेट देऊ नका. आट्यांचा नटही जुन्या दांडीवर हाताने सहज फिरतोय ना, ते दुकानातच पाहा.

बसवल्यावर आवळण्याचा क्रमही लक्षात ठेवा. बिनआट्यांच्या दांडीत वरच्या टोपीचा बोल्ट फक्त ढिलाई काढायला असतो. आधी बाजूचे बोल्ट सैल, मग टोपीचा बोल्ट खडखड जाईपर्यंत, मग बाजूचे बोल्ट घट्ट. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट.

कंपनीच्या नावाने शोधू नका

"अॅटलसचा द्या", "हिरोचा द्या" असं गिऱ्हाईक म्हणणारच. पण २०२० च्या जूनमध्ये अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबला, तरी अॅटलसच्या जुन्या सायकली आजही रस्त्यावर आहेत. त्यांना पार्ट लागतोच, आणि तो मापावर मिळतो. शिवाय तुमच्यासमोर आलेल्या सायकलीत आधीच्या मेस्त्रीने काय टाकलंय ते नावावरून कळत नाही. लुधियानाहून येणाऱ्या मालात एकाच मापाचा पार्ट कितीतरी नावांनी येतो. म्हणून माझ्या दुकानातल्या डब्यांवर कंपनी नाही, माप लिहिलेलं आहे.

आता धंद्याचा हिशोब

समजा, बेरिंग तुम्हाला १७० ला पडला, २५० ला विकला आणि मजुरी १५० घेतली. तुमच्या हातात राहिले २३०, पाऊण तासाच्या कामाचे. म्हणजे तासाला ३०० च्या वर.

आता तोच बेरिंग चुकीचा निघाला. दुसरा तुमच्या खिशातून, १७० गेले. उरले ६०. काम तीनदा खोललं, सव्वादोन तास. तासाला २७ रुपयेही पडत नाहीत. आणि डब्यात पडून राहिलेला चुकीचा बेरिंग कधी खपेल, देव जाणे. शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. आपल्यासारख्या गावात ते एक गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी दहा जणांना सांगतं.

म्हणून मी तीन सवयी लावून घेतल्या.

मापाची चिठ्ठी. ऑर्डर तोंडी द्यायची नाही. बाहेरचा व्यास, आतला व्यास, उंची, दोन्ही उतार, वरचा की खालचा, एवढं लिहून आणि वर्निअर लावलेला फोटो जोडूनच पाठवायचं. माल आला की चिठ्ठीशी ताडून मगच गिऱ्हाइकाला फोन.

वही. कोणत्या सायकलीत कोणतं माप निघालं ते लिहून ठेवायचं. वर्षभरात ही वही तुमच्या गावाचा कॅटलॉग बनते. कोणता माल किती ठेवायचा हे तीच सांगते. छर्रे स्वस्त असतात आणि सगळीकडे लागतात, ते सगळ्या मापांत भरपूर ठेवा. सीलबंद बेरिंग महाग, म्हणून वहीत पुन्हा पुन्हा येणारी दोन-तीन मापंच ठेवा. बाकी चिठ्ठीवर मागवा.

खरं बोलणं. "आज नाही, मापाचा मागवतो, परवा या" असं सांगायला लाजू नका. जवळपास बसणारा माल देऊन आजचा गल्ला भरतो, पण सायकल पुलावरून त्या पोरालाच चालवायची असते.

काकांच्या सायकलीचं पुढे काय झालं? मी दुसरा बेरिंग मागवला, बसवला, पैसे घेतले नाहीत. आणि चूक माझी होती हे दोन्ही बेरिंग हातात देऊन दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण दिवाळीनंतर धाकटीची सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच आली.

आजचं काम : तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त परत येणारा एक पार्ट निवडा. कुकरची रिंग असो, नळाचा वॉशर असो, मिक्सरचा कपलर असो. त्याची कोणती मापं घेतली तर तो पुन्हा चुकणार नाही, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लिहिलेलं पान कमेंटमध्ये नक्की सांगा. निवडक पानांवर पुढच्या व्हिडिओत बोलू.

भेटूया. धंदा छोटा असला तरी माप पक्कं ठेवा.