मेंदू आणि मेरुरज्जू : जखमीला उचलण्यापूर्वी

आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवती पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गडकिल्ल्यांच्या सहलींना जातात. शिवछत्रपतींची पहिली राजधानी असलेला राजगड हे त्यांचे आवडते ठिकाण. नसरापूर फाट्यावरून मार्गासनीमार्गे गुंजवणे गावात पोहोचले की तेथून चोर दरवाजाची वाट सुरू होते. शेवटच्या टप्प्यात ही वाट अरुंद आणि उभ्या चढणीची होते. पावसाने कातळ निसरडा झाला असता पाय घसरण्याचा धोका असतो. अशा वेळी कोणी पडले, तर भोवतालची माणसे कळवळ्याने धावतात. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि जखमीला उचलले जाते. हा कळवळा खरा असला, तरी त्यातूनच त्या व्यक्तीचे हातपाय कायमचे निकामी होऊ शकतात. असे का होते, हे समजण्यासाठी परमेश्वराने आपल्या शरीरात केलेली एक विलक्षण रचना जाणून घेतली पाहिजे.

एकच मार्ग, दोन भाग

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाच्या तो जेमतेम दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के त्याला एकट्याला लागतो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. विचार, स्मरण, भाषा आणि इच्छेनुसार होणारी हालचाल ही मोठ्या मेंदूची कामे. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. त्याखालील मस्तिष्कपुच्छ श्वासोच्छ्वास आणि हृदयाचे ठोके यांवर आपल्या नकळत नियंत्रण ठेवते.

मस्तिष्कपुच्छापासूनच मेरुरज्जू खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर आणि जाडी हाताच्या करंगळीएवढी. पाठीच्या मणक्यांच्या पोकळीत तो सुरक्षित असतो आणि कमरेच्या वरच्या भागात संपतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघून धड व हातापायांपर्यंत पोहोचतात. 'पाय उचल' ही आज्ञा मेंदूकडून खाली जाते आणि 'खाली खडा टोचतो आहे' ही वार्ता खालून वर येते. काही चेतातंतूंमधून हे संदेश एका सेकंदात शंभर मीटरपर्यंत धावतात. आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते.

मेरुरज्जू केवळ निरोप्या नव्हे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे घेतला जातो, तो निर्णय मेरुरज्जूच घेतो. 'भाजले' हे मेंदूला त्यानंतर कळते. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

दुसरी इजा

हातापायांतील चेता दुखावल्या तर त्या हळूहळू पुन्हा वाढू शकतात. मेरुरज्जूचे तसे नाही. पूर्णपणे तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय आजच्या वैद्यकशास्त्राकडेही नाही. इजा जितकी वर, तितके नुकसान अधिक. पाठीच्या खालच्या भागातील इजेने पाय जातात, मानेतील इजेने हातही जातात आणि मानेच्या अगदी वरच्या भागातील इजेने श्वासच थांबू शकतो.

पडल्यामुळे मणका मोडला, तरी आतील मेरुरज्जू शाबूत असू शकतो. अशा माणसाला वाकवून उचलले, उठवून बसवले किंवा पाठुंगळी घेतले, तर मोडलेल्या हाडाची कड आत घुसते. जे काम दरीने केले नाही, ते आपल्या हातून होते.

म्हणून उंचावरून पडलेल्या व्यक्तीला, दरड किंवा आग यांसारखा तातडीचा धोका नसेल तर, जागेवरून हलवू नये. प्रथम श्वास चालू आहे का ते पाहावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देऊन तो जीव वाचवणे हेच पहिले कर्तव्य. शुद्धीवर असल्यास, हातापायांची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारावे. एकाने डोक्याजवळ बसून दोन्ही हातांनी डोके व मान स्थिर धरावी. पाणी पाजू नये. उलटी झालीच तर तिघाचौघांनी मिळून डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. १०८ क्रमांकाला कळवावे. जखमीला गडाखाली आणणे हे स्ट्रेचर व प्रशिक्षण असलेल्या बचाव पथकाचे काम आहे.

शोमरोनी माणसाचा क्रम

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपणा सर्वांस परिचित आहे. त्याने आधी जखमांवर उपचार केले आणि त्यानंतरच जखमीला आपल्या जनावरावरून उतारशाळेत नेले. दयेलाही क्रम असतो, हे त्या दाखल्यातून शिकता येते. आपल्या देशात रस्ते अपघातातील जखमीला मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. गडाकडे जाताना पुणे-सातारा महामार्गावर अपघात दिसला, तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे आता कारण उरलेले नाही.

जे घडून गेले आहे, त्याने जीवन संपत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी त्यांच्या कण्यात राहिली आणि पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या धर्मग्रामातही चाकाच्या खुर्चीवर जीवन कंठणारी माणसे असतील. मिस्सेला येण्यासाठी त्यांना चर्चच्या पायऱ्या अडवतात का, हे धर्मग्राम परिषदेने एकदा पाहावे.

युवा मंडळांना विनंती, की पुढील सहलीपूर्वी एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलावून डोके व मान स्थिर धरण्याचा आणि एका रेषेत वळवण्याचा सराव करावा. त्यासाठी रविवारच्या मिस्सेनंतरचा एक तास पुरेसा आहे.