आठ दिवसांत गोरे करणारी डबी आणि त्वचेची खरी काळजी

लग्नाला दोन महिने राहिले की नवरीच्या हातात कोणीतरी हमखास एक डबी ठेवते. कधी खाला देते, कधी शेजारची भाभी, नाहीतर पार्लरवाली. "रात्री लाव, आठ दिवसांत फरक बघ." आणि फरक खरंच पडतो, अडचण तीच आहे. चेहरा उजळतो, मुरमे दबतात, फोटो छान येतात. डबी संपली की मात्र चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ उठते. मग दुसरी डबी येते.

अशा क्रीमकडे संशयाने बघायला दोन कारणे आहेत. पहिले कारण स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यापैकी एखादे नाव ट्यूबवर दिसले तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. एक्झिमा, सोरायसिससारख्या आजारात डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. रोज चेहऱ्याला चोळले तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर केस वाढतात, ऊन सहन होत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मेडिकलवर नुसते नाव सांगितले की मिळतात, हे आपण सगळे जाणतो. ज्या महिनोन्महिने हे वापरत आल्या आहेत त्यांनी एकदम बंद करू नये. ते हळूहळू कसे कमी करायचे हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

दुसरे कारण पारा. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून गोरेपणाच्या क्रीममध्ये तो चोरून घातला जातो. आपल्याकडे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार हे बेकायदा आहे. पण कंपनीचे नाव-पत्ता नसलेल्या किंवा बाहेरच्या देशातून बॅगेत आलेल्या डबीला कोण तपासणार? पारा त्वचेतून रक्तात जातो आणि थेट मूत्रपिंडावर परिणाम करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यातल्या 15 जणांमध्ये या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडल्याच्या बातम्या 2023 च्या सुरुवातीला आल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

ओळखायची एक खूण सांगते. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" असे डबीवर लिहिले असेल तर ती लगेच बाजूला ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. असे क्रीम वापरणाऱ्या कोणाच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. घरात तान्हे बाळ असेल तर जास्तच सांभाळा. आईच्या गालाला लावलेले बाळाच्या अंगाला लागतेच.

मग लावायचे काय? खरं सांगायचे तर फार थोडे. त्वचेचे काम गोरे दिसणे हे नाही. आतले पाणी आत ठेवणे आणि बाहेरची घाण, जंतू बाहेर ठेवणे, हे तिचे काम. ते तिला नीट करू द्यायचे, एवढीच आपली जबाबदारी.

सुरुवात धुण्यापासून. अंगाचा साबण चेहऱ्याला कडक पडतो. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण त्याच्या उलट, म्हणून धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश सकाळी आणि रात्री, दोनदा पुरे. दिवसभरात वुजूसाठी चेहरा पाण्याने धुतला जातोच, त्या प्रत्येक वेळी फेसवॉश लावायची गरज नाही. उलट ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांना थंडीत वारंवार पाणी लागून हात-पाय फुटतात. उपाय सोपा: टॉवेलने टिपून घ्या, खसखसून पुसू नका आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. साधी पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन असलेले लोशन चालते, महागाचे हवेच असे नाही. तेलकट चेहऱ्याला हलके जेल घ्यावे.

पायाच्या बोटांच्या बेचक्यात मात्र ओल राहू देऊ नका. तिथे चिखल्या होतात. नायटाही ओलीतच वाढतो, आणि एकाच टॉवेलवरून घरभर फिरतो. त्यावर मेडिकलवाल्याने दिलेले "मिक्स" मलम बहुधा स्टेरॉइडचेच असते. खाज थांबते, नायटा आत पसरत राहतो.

तिसरी गोष्ट सनस्क्रीन. बुरखा, हिजाब असला की ऊन लागत नाही असे बऱ्याच जणी म्हणतात. अंगापुरते ते बरोबर आहे. पण चेहरा आणि हात उघडे असतील तर स्कूटीवरून दुपारी मुलांना आणायला जाताना त्यांनाच ऊन लागते. वांग असलेल्यांनी तर सनस्क्रीन चुकवूच नये, नाहीतर डागांवरचे कुठलेही औषध फुकट जाते. एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढे. बाहेर राहायचे असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. पुरुषांनी आणि मुलांनीही लावावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

हे तिन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. आधी एक आणा, कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा, मग चेहऱ्यावर. आठवडाभराने दुसरे. फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे चेहऱ्यापासून दूर ठेवा. लिंबू लावून उन्हात गेले तर भाजल्यासारखे डाग पडतात. दहा मिनिटांत काळीभोर रंगणारी मेहंदीही नको. तिच्यात केस रंगवायचे रसायन असते आणि हातावर फोड येतात. खरी मेहंदी आधी केशरी दिसते, मग दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होते.

आणखी एक. मुलीची मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसत असेल तर तिला "नीट घासत नाहीस" म्हणून रागावू नका. तो मळ नसतो. बऱ्याचदा शरीरात इन्सुलिनचे काम बिघडल्याची ती खूण असते. वजन वाढलेले असेल, पाळी अनियमित असेल, तर स्क्रबवर पैसे घालवण्याआधी तिची रक्तातली साखर तपासून घ्या.