शत्रूच्या कोठारावर खर्च

१९९१ च्या नोव्हेंबरात मॉस्कोला पैसे द्यायचा विषय काढणं कुठल्याही अमेरिकी लोकप्रतिनिधीला परवडणारं नव्हतं. मंदीची झळ ओसरली नव्हती. पेनसिल्वेनियातली सिनेटची पोटनिवडणूक हॅरिस वॉफर्ड यांनी आरोग्यविम्यासारख्या घरच्या प्रश्नांवर नुकतीच जिंकली होती. संरक्षण खर्चातले एक अब्ज डॉलर सोव्हिएत संघाकडे वळवावेत, हा सिनेटर सॅम नन आणि प्रतिनिधीगृहातले लेस ॲस्पिन यांचा प्रस्ताव त्याच सुमारास बारगळला. तिकडे सोव्हिएत संघ फुटत होता आणि त्याची लांब पल्ल्याची अण्वस्त्रं रशिया, युक्रेन, बेलारूस, कझाकस्तान अशा चार ठिकाणी पडून होती.

नन हे डेमोक्रॅट. त्यांच्या मदतीला आले ते इंडियानाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड लूगर. पेशाने शेतीवाडी सांभाळणारे, इंडियानापोलिसचे माजी महापौर, भाषण रंगवण्याची कला अंगी नसलेले. दोघांनी रक्कम कमी केली आणि युक्तिवाद उलटा फिरवला: ही रशियाला भीक नाही, आपल्यावर रोखलेली क्षेपणास्त्रं आपल्याच पैशाने तोडून घ्यायची आहेत. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतं पडली. १२ डिसेंबरला थोरल्या बुश यांची सही झाली, खर्चाला ४० कोटी डॉलर मिळाले. सोव्हिएत संघ त्यानंतर दोन आठवडेही टिकला नाही.

पुढची वीस वर्षं हे काम शांतता परिषदांपेक्षा ठेकेदारीच्या जास्त जवळचं होतं. निविदा काढायच्या, क्रेन न्यायच्या, क्षेपणास्त्रांचे भूमिगत खंदक सुरुंगाने उडवायचे, पाणबुड्या कापायच्या, गोदामांना कुंपणं घालायची. लूगर यांचं कार्यालय त्याचा धावफलक प्रसिद्ध करायचं: इतकी क्षेपणास्त्रं, इतकी बॉम्बफेकी विमानं, इतक्या पाणबुड्या. निकामी झालेल्या अण्वस्त्रांचा आकडा शेवटी साडेसात हजारांच्या पुढे गेला. मला हा माणूस आवडतो तो या कारकुनी चिकाटीसाठी. निःशस्त्रीकरणावर उदात्त बोलणारे पुष्कळ असतात. त्याची बिलं तपासणारा विरळा.

सायबेरियाच्या पश्चिम कडेला श्चुचये नावाचं गाव आहे. तिथल्या कोठारात विषारी वायूने भरलेले सुमारे १९ लाख तोफगोळे रॅकवर मांडून ठेवले होते. त्यातला एक छोटा गोळा ब्रीफकेसमध्ये सहज मावतो, हे दाखवणारा लूगर यांचा फोटो प्रसिद्ध आहे. एक गोळा चोरीला गेला तर काय, हे समजवायला त्यांना दुसरा पुरावा लागत नसे. तरीही अमेरिकी काँग्रेसने काही वर्षं तिथला पैसा अडवून धरला, आणि गोळे नष्ट करणारा कारखाना सुरू व्हायला २००९ उजाडलं.

मतदाराला यातलं काही दिसत नाही. न झालेल्या स्फोटाचं श्रेय मागणार तरी कसं? १९९६ च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत लूगर यांनी अण्वस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती पडण्याचा धोका हाच प्रचाराचा मुद्दा केला. लोकांना तो अतिरंजित वाटला, आणि लूगर लवकरच शर्यतीतून बाहेर पडले.

त्यांना शांततावादी म्हणून मखरात बसवायचं कारण नाही. १९९९ मध्ये सीटीबीटी या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराला मान्यता देण्याच्या विरोधात त्यांनी मत दिलं. पडताळणीची व्यवस्था कच्ची आहे, असं त्यांचं म्हणणं. भारताच्या बाबतीतही त्यांचा हिशेब असाच रोकडा. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाला अणुव्यापाराची दारं उघडणारा कायदा २००६ च्या नोव्हेंबरात ८५ विरुद्ध १२ मतांनी सिनेटमध्ये मंजूर झाला, तेव्हा परराष्ट्र समितीचे अध्यक्ष लूगरच होते. भारताच्या नागरी अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली येणं त्यांना लाभाचं वाटलं. कायद्यातल्या अटींवरून दिल्लीत गदारोळ झाला तो वेगळा.

२०१० मध्ये ओबामांच्या न्यू स्टार्ट या रशियाबरोबरच्या अण्वस्त्रकपात करारासाठी त्यांनी स्वपक्षीयांची मतं गोळा केली. ७१ विरुद्ध २६ मतांनी तो पार पडला. पक्षातल्या कडव्यांनी हे लक्षात ठेवलं. मे २०१२ मध्ये पस्तीस वर्षांहून जास्त काळ सिनेटर असलेल्या लूगर यांना पक्षाच्याच प्राथमिक फेरीत रिचर्ड मर्डॉक यांनी मोठ्या फरकाने हरवलं. मर्डॉक पुढे मुख्य निवडणूक हरले आणि जागा डेमोक्रॅटांकडे गेली.

रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर या सगळ्याकडे संशयाने पाहिलं जातं. सुरक्षेचं आश्वासन देणाऱ्या १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमवर विसंबून युक्रेनने अण्वस्त्रं सोडली नसती तर? त्यांच्या वापराची संकेतप्रणाली मॉस्कोच्या हाती होती आणि देखभालीचा खर्च कीव्हला झेपणारा नव्हता, हे विचारणारे सोयीने विसरतात. आश्वासन देणाऱ्यांनी ते पाळलं नाही, ही चूक मात्र निखालस खरी. तिचं खापर अस्त्रं तोडणाऱ्यांच्या माथी फोडता येत नाही.

पराभवानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, लूगर मॉस्कोत गेले आणि सीरियाची रासायनिक अस्त्रं दोन्ही देशांनी मिळून नष्ट करावीत असं सुचवून आले. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑक्टोबरात तर रशियाने नन-लूगर करारच आहे तसा पुढे चालवायला नकार दिला. लूगर २०१३ च्या जानेवारीत सिनेटमधून बाहेर पडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिका आणि रशिया यांनी सीरियाच्या रासायनिक साठ्याबाबत समझोता केला, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात ‘केप रे’ या अमेरिकी जहाजावर भूमध्य समुद्रात त्यातली सुमारे ६०० टन रसायनं निकामी करण्यात आली. खर्चाचा मोठा भाग नन-लूगर कार्यक्रमाच्याच खात्यातून गेला.