कुरणातील ख्रिस्तमंदिर आणि रिकामे न्यायासन

अंतिम न्यायाचे चित्र म्हटले की, रोममधील सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात रंगविलेले प्रचंड दृश्य अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हात उगारलेला प्रभू, वर चढणारे धन्य जीव आणि खाली कोसळणारे अभागी आत्मे! ते पाहून काळीज थरारते. परंतु याच विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहणारा एक चित्रकार त्यानंतर दोनशे वर्षांनी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात होऊन गेला. त्याचे नाव योहान बाप्टिस्ट त्सिमरमान. मोठमोठ्या कलावंतांच्या नामावळीत हे नाव क्वचितच आढळते. तथापि त्याने जे सांगितले ते प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने ऐकण्याजोगे आहे.

त्याचा जन्म १६८० साली वेसोब्रुनजवळच्या एका खेड्यात झाला. वेसोब्रुन येथे बेनेडिक्टाइन मठ होता आणि आसपासच्या गावांतील पुरुषांचा पिढीजात व्यवसाय एकच होता: चुन्याच्या मऊ गिलाव्यातून पाने, फुले, शिंपले व देवदूत घडवून भिंती आणि छते सजविणे. सतराव्या व अठराव्या शतकांत या एका परिसरातून सहाशेहून अधिक असे कारागीर बाहेर पडले. योहान बाप्टिस्ट हा त्यांच्यापैकीच एक. त्याचा धाकटा भाऊ डोमिनिकुस हा १६८५ साली जन्मला व पुढे वास्तुशिल्पी झाला. थोरला छते रंगवी व गिलाव्याची नक्षी घडवी, धाकटा इमारत उभारी. अशी ही भावांची जोडी होती.

त्या काळी युरोपात रोकोको नावाची शैली बहरली होती. हलके रंग, वळणदार रेषा, सोनेरी किनार आणि भरपूर उजेड ही तिची लक्षणे. ही शैली मुख्यत्वे राजवाड्यांच्या विलासासाठी वापरली गेली, आणि त्सिमरमाननेही दरबाराची कामे केली. म्यूनिक येथील नीम्फेनबुर्ग राजवाड्याच्या भव्य दालनाचे छत त्याने १७५५ ते १७५७ या वर्षांत आपला पुत्र फ्रान्झ याच्या साहाय्याने रंगविले. त्या वेळी तो पंचाहत्तरी ओलांडीत होता! परंतु राजवाड्यातील तोच प्रसन्न रंग या भावांनी खेड्यातील शेतकऱ्यांच्या प्रार्थनास्थळांतही आणला. श्टाइनहाउझेन या लहानशा गावातील त्यांचे यात्रामंदिर १७३३ साली पूर्ण झाले. त्याच्या छतावर पवित्र मरियेचे स्वर्गारोहण व चारही खंडांचे लोक चितारलेले आहेत.

छत रंगविण्याचे हे काम किती कठीण असते, याची कल्पना करावी. पाण्यात कालवलेला रंग ओल्या गिलाव्यावर लावावा लागतो. गिलावा वाळताना चुना रंगाला आपल्यात धरून ठेवतो आणि म्हणूनच असे चित्र शतकानुशतके टिकते. परंतु गिलावा वाळला की संधी गेली. म्हणून एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा सकाळी लावावयाचा. उंच परातीवर उभे राहून, मान वर करून हे काम करावे लागते, आणि खालून पाहणाऱ्याला ते कसे दिसेल हे मनातच जोखावे लागते.

आता या बंधूंच्या सर्वश्रेष्ठ कृतीकडे वळू. श्टाइनगाडेन येथील नॉर्बर्टाइन मठात १७३० साली गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी फटके खाणाऱ्या प्रभू येशूची एक मूर्ती तयार करण्यात आली. जुन्या लाकडी मूर्तींचे तुकडे जोडून, त्यांवर कापड चढवून ती रंगविली होती. तिचे रूप इतके करुण होते की, काही वर्षांतच ती मिरवणुकीतून काढून ठेवण्यात आली. पुढे १७३८ साली ती वीस नावाच्या वस्तीवरील मारिया लोरी या शेतकरी स्त्रीच्या घरी आली. वीस या शब्दाचा अर्थच कुरण. त्याच वर्षी १४ जून रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसल्याचे त्या घरच्या माणसांनी सांगितले. मग यात्रेकरूंची रीघ लागली. लहानसे चॅपेल अपुरे पडू लागले, तेव्हा मठाने डोमिनिकुसकडे नव्या मंदिराचे काम सोपविले. १७४५ च्या सुमारास आरंभ झाला आणि १७५४ साली त्याचे पवित्रीकरण झाले.

छताची रंगकामे थोरल्या भावाने केली. वेदीभोवतीच्या खांबांपैकी काही तांबडे आहेत, काही निळे: तांबडा प्रभूच्या रक्ताचा, निळा स्वर्गीय कृपेचा. सभामंडपावरच्या विशाल छतावर पुनरुत्थित ख्रिस्त इंद्रधनुष्यावर विराजमान आहे. इंद्रधनुष्य म्हणजे जलप्रलयानंतर परमेश्वराने नोहाशी केलेल्या कराराची खूण. छताच्या एका टोकाला न्यायासन आहे, परंतु ते रिकामे आहे! न्यायाधीश अद्याप त्यावर बसलेला नाही. दुसऱ्या टोकाला अनंतकाळाचे दार आहे, आणि ते बंद आहे.

मायकेलअँजेलोने न्यायाचा क्षण दाखविला. त्सिमरमानने त्या क्षणापूर्वीचा अवकाश दाखविला. न्याय होणारच, कारण आसन मांडलेले आहे. पण आसन आणि दार यांच्यामध्ये इंद्रधनुष्य आहे, आणि त्यावर बसलेला तारणारा आपला क्रूस दाखवून पाप्याला बोलावीत आहे. खाली फटक्यांनी विदीर्ण झालेली मूर्ती, वर दयेने उजळलेला तोच प्रभू! दुःखाने खचून आलेला यात्रेकरू मान वर करी, तेव्हा त्याला धमकी नव्हे, मुदत दिसे.

योहान बाप्टिस्ट १७५८ साली निवर्तला. डोमिनिकुस मात्र वीस सोडून गेलाच नाही. आपल्या मंदिराशेजारी घर बांधून तो राहिला आणि १७६६ साली तेथेच त्याने देह ठेवला. पुढे १८०३ साली सरकारने मठ खालसा केले, श्टाइनगाडेनचा मठही गेला, आणि कुरणातील हे मंदिर पाडण्याचा बेत झाला. त्या वेळी कोणी राजा वा पंडित धावून आला नाही. आसपासच्या शेतकऱ्यांनीच अर्ज-विनंत्या करून ते वाचविले. १९८३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. परंतु त्याचे मोल त्या शेतकऱ्यांनी पावणेदोनशे वर्षे आधीच ओळखले होते.

वाचकहो, मुदत ही संपण्यासाठीच असते. ते बंद दार एक दिवस उघडेल आणि ते आसनही रिकामे राहणार नाही. शेजाऱ्याशी अबोला, भावाशी बांधावरून तंटा, वर्षानुवर्षे टाळलेला पापस्वीकार, हे सारे मिटविण्यास आजचा दिवस आपल्या हाती आहे. ओल्या गिलाव्यावर काम करणारा तो वृद्ध कारागीर वेळेची किंमत जाणून होता. आपणही ती जाणू या.