वाऱ्यातील विमान आणि डोळ्यांची फसगत

रेडिओ-नियंत्रित विमाने उडविण्याचा छंद नव्याने जडलेल्यांना पहिला धडा बहुधा वाराच देतो. शांत सकाळी शहाण्यासारखे उडणारे ट्रेनर विमान दुपारच्या वाऱ्यात वळण घेताना एकाएकी नाक खाली टाकते आणि जमिनीवर आदळते. मग दोष बॅटरीला किंवा रिमोटला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा उडविणाऱ्याच्या नजरेत दडलेले असते.

विमान तरते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर. जमिनीशी त्याला कर्तव्य नसते. समजा, एखादे ट्रेनर हवेच्या तुलनेत ताशी ४० किलोमीटर वेगाने उडत आहे आणि हा वेग २५ च्या खाली गेल्यास पंख त्याला तोलू शकत नाहीत. वारा ताशी २० किलोमीटरचा असेल, तर वाऱ्याला सामोरे जाताना ते पाहणाऱ्याला जेमतेम २० च्या वेगाने रांगताना दिसेल. वारा पाठीशी येताच तेच विमान ६० च्या वेगाने सुसाट निघाल्यासारखे भासेल. पंखांवरची हवा दोन्ही वेळी ४० चीच! नवशिका मात्र घाबरून थ्रॉटल खाली ओढतो. विमान नेहमीसारखे, म्हणजे ४० च्या वेगाने जाताना दिसू लागते, तेव्हा पंखांवरचा वेग २० वर आलेला असतो. त्यातच घाईने वळण घेतले, की पुढचे सांगायला नको.

ट्रेनरची रचनाही येथे थोडी आड येते. धडाच्या वर बसविलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले पंख शांत हवेत विमानाला आपोआप सरळ करतात. बाजूने झोत आला, की त्या बाजूचा पंख वर उचलला जातो आणि हलके विमान कलंडते.

म्हणून विमान शक्यतो वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला ठेवावे. ते वाऱ्याबरोबर दूर गेले, तर परतीचा प्रवास संथ होतो, बॅटरी खर्ची पडते आणि ठिपक्याएवढ्या आकृतीचे तोंड कुठे, हेही कळेनासे होते. उड्डाण आणि उतरणे दोन्ही वाऱ्याला सामोरे जाऊनच करावे. जमिनीलगत वारा मंदावतो, त्यामुळे उतरताना समोरून मिळणारी हवा अचानक घटते. थोडी शक्ती चालू ठेवणे इष्ट. झाडे वा इमारतींचा आडोसा सुरक्षित वाटतो, पण त्यांच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते.

वाऱ्याचा अंदाज घेण्यास यंत्र लागतेच असे नाही. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा साधारण १२ ते १९ किलोमीटरचा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, की तो २० च्या पुढे गेला. सोबत जाणकार नसेल, तर नवशिक्याने अशा वेळी विमान गाडीतच राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने जमीन तापण्याआधी मैदान गाठावे.