प्रोस्टेटच्या कर्करोगावरील जोडऔषधांची कसोटी

एका औषधाने थोडा गुण आला, तर दोन औषधांनी दुप्पट गुण यावा, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. काढ्यात एकाऐवजी चार वनस्पती पडल्या की तो अधिक जोरकस झाला असे वाटते, आणि दुखण्याने गांजलेला रुग्ण तर डॉक्टरांकडे नेहमी आणखी काही मागतच असतो. ही समजूत कधी खरी ठरते, कधी पोकळ ठरते, तर कधी जिवावर बेतते. यांपैकी केव्हा काय होईल हे केवळ तर्काने सांगता येत नाही. ते पारखूनच घ्यावे लागते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर गेल्या चाळीसेक वर्षांत जोडऔषधांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांचा इतिहास ही गोष्ट फार स्पष्टपणे शिकवतो.

प्रोस्टेट, जिला मराठीत अष्ठीला ग्रंथी असेही नाव आहे, ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते; आकाराने साधारण अक्रोडाएवढी. उतारवयात ती वाढणे ही सामान्य गोष्ट होय, आणि ती वाढ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु काहींच्या बाबतीत तेथे कर्करोग उद्भवतो, आणि तो ग्रंथीची मर्यादा ओलांडून पाठीच्या मणक्यांत व कमरेच्या हाडांत शिरला, म्हणजे रोग बळावला असे समजतात. अशा वेळी केवळ ग्रंथी काढून टाकल्याने काम भागत नाही. सर्व शरीरभर पोहोचेल असा उपचार करावा लागतो.

तो उपचार १९४१ साली शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्झ आणि त्यांचे सहकारी क्लॅरन्स हॉजिस यांनी दाखवून दिला. या रोगाच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनवर, पोसल्या जातात असे त्यांना आढळले. वृषणे काढून टाकली, किंवा स्त्री-संप्रेरक दिले, की रोग ओसरू लागे आणि हाडांच्या वेदना शमत. या शोधासाठी हगिन्झ यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शस्त्रक्रियेऐवजी तेच कार्य करणारी इंजेक्शने निघाली. त्यांपैकी ल्युप्रोलाइड हे औषध १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तथापि एक उणीव राहिलीच. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढी, आणि मग हाती फारसे काही उरत नसे.

येथेच जोडऔषधाची कल्पना पुढे आली. वृषणे निकामी केली तरी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी थोडे पुरुषी संप्रेरक तयार करीतच राहतात. कॅनडातील क्वेबेकचे शास्त्रज्ञ फर्नांद लाब्री यांनी १९८० नंतरच्या वर्षांत असे प्रतिपादले की, हा उरलेला पुरवठाही तोडण्यासाठी फ्लुटामाइडसारखे दुसरे औषध पहिल्या दिवसापासूनच द्यावे. तर्क सरळ होता व आशा मोठी होती. १९८९ साली अमेरिकेतील ६०३ रुग्णांच्या एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ल्युप्रोलाइडबरोबर फ्लुटामाइड घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ३५.६ महिन्यांपर्यंत हयात होते, तर एकट्या ल्युप्रोलाइडवर असलेल्यांत हा काळ २८.३ महिने होता. प्रश्न सुटला असेच अनेकांना वाटले.

परंतु १९९८ मध्ये १,३८७ रुग्णांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत सर्वांची वृषणे शस्त्रक्रियेने काढली होती. निम्म्यांना फ्लुटामाइड दिले आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. आयुष्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. मग आधीच्या निकालाचे काय? ल्युप्रोलाइड सुरू करताच पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, आणि फ्लुटामाइडने बहुधा या भरतीलाच आवर घातला असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. शस्त्रक्रियेनंतर अशी भरती येतच नाही. शेवटी २००० साली २७ चाचण्यांतील ८,२७५ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पाच वर्षांनी जोडऔषधवाल्यांपैकी शंभरांत २५.४ आणि इतरांपैकी २३.६ जण हयात असल्याचे दिसले. एवढ्या मोठ्या आशेचे फळ शंभरांत दोनही माणसे भरले नाही.

एवढ्या चाचण्या कशाला, डॉक्टरांचा अनुभव पुरेसा नाही काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. अनुभव मोलाचा खरा, पण तो फसवतो. जोडऔषध सोसण्याची ताकद असलेल्या धडधाकट रुग्णालाच डॉक्टर ते देतात, आणि धडधाकट माणूस तसाही अधिक जगतो. श्रेय मात्र औषधाला मिळते. यास्तव कोणाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या पसंतीवर न सोपवता, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोपवतात. असे झाले म्हणजे दोन्ही गटांत तरुण व वृद्ध, सशक्त व दुबळे सारख्याच प्रमाणात येतात, आणि शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा असे म्हणता येते. दुसरा फसवा मोह रक्तातील पीएसए या द्रव्याच्या आकड्याचा. औषधाने तो आकडा उतरला म्हणजे आयुष्य वाढलेच, असे नव्हे. म्हणून माणूस किती जगला आणि कसा जगला, हाच अखेरचा निकष मानावा लागतो.

यानंतर जोडीच्या कल्पनेने वेगळे वळण घेतले. डोसेटॅक्सेल हे यू नावाच्या वृक्षाच्या पानांतील द्रव्यापासून तयार केलेले, पेशींचे विभाजन रोखणारे औषध. संप्रेरकाचा उपचार थकल्यानंतर ते दिले तर आयुष्य काहीसे वाढते, हे २००४ साली सिद्ध झाले होते. मग शेवटी द्यायचे ते आरंभीच का देऊ नये? चार्टेड नावाच्या अमेरिकी चाचणीत ७९० रुग्णांवर हा प्रश्न पारखला गेला. संप्रेरक-उपचाराबरोबर आरंभीच डोसेटॅक्सेलचे सहा डोस घेणाऱ्यांपैकी निम्मे ५७.६ महिन्यांपर्यंत हयात होते, नुसता संप्रेरक-उपचार घेणाऱ्यांत तो काळ ४४ महिने होता, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषध तेच, केवळ वेळ बदलल्याने एवढा पल्ला गाठला गेला. मात्र अधिक काळ पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये असे दिसले की, हा लाभ मुख्यतः रोग फार पसरलेल्या रुग्णांना झाला. थोडाच पसरलेल्यांत तो आढळला नाही. फ्रान्स व बेल्जियम येथील ३८५ रुग्णांच्या चाचणीत तर २०१३ साली स्पष्ट लाभ दिसलाच नव्हता. एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये ती यासाठीच.

या साऱ्या प्रयत्नांत रचनेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय ठरली ती ब्रिटनमधील स्टॅम्पीड ही चाचणी. ती २००५ साली सुरू झाली. प्रत्येक नव्या औषधासाठी वेगळी चाचणी उभारायची, तर वर्षे लोटतात आणि दर वेळी तुलनेसाठी वेगळे रुग्ण लागतात. स्टॅम्पीडमध्ये प्रचलित उपचाराचा एकच गट ठेवून त्याच्या तुलनेत अनेक जोड्या एकाच वेळी पारखल्या गेल्या. मधूनमधून हिशेब पाहायचा. जी जोडी निरुपयोगी दिसेल तिच्यात नवे रुग्ण घेणे बंद करायचे आणि मोकळ्या जागी नवी जोडी आणायची. सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाची शाखा २०११ मध्ये अशीच बंद झाली. हाडे बळकट करणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडने आयुष्य वाढले नाही. डोसेटॅक्सेलने मात्र ते वाढवले, आणि चार्टेडच्या निष्कर्षाला बळ मिळाले.

त्याच २०११ साली या चाचणीत ॲबिराटेरॉनची शाखा उघडली. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत जन्मलेले हे औषध वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द कर्करोगाची गाठ अशा तिन्ही ठिकाणी पुरुषी संप्रेरकाची निर्मिती थांबवते. रक्तदाब वाढू नये व पोटॅशियम घटू नये म्हणून त्याच्यासोबत प्रेडनिसोलोन द्यावे लागते. २०१७ मध्ये १,९१७ रुग्णांचा निकाल आला. तीन वर्षांनी ॲबिराटेरॉनच्या जोडीवर असलेल्यांपैकी शंभरांत ८३ जण हयात होते, एरवीच्या उपचारावर ७६ होते. त्याच वर्षी १,१९९ रुग्णांच्या लॅटिट्यूड या चाचणीनेही तोच कौल दिला. लाब्री यांचा तर्क सर्वस्वी चुकीचा नव्हता, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते; त्यांच्या काळचे शस्त्र तेवढे बोथट होते.

आता जोडी जिवावर बेतल्याचेही उदाहरण पाहिले पाहिजे. रेडियम-२२३ हे हाडांतील रोगावर किरणांचा मारा करणारे इंजेक्शन एकटे दिले असता आयुष्य वाढवते, हे सिद्ध होऊन २०१३ साली ते मान्य झाले होते. ॲबिराटेरॉनही गुणकारी. तेव्हा दोन्ही गुणकारी औषधे एकत्र द्यावीत, याहून स्वाभाविक ते काय? ८०६ रुग्णांच्या चाचणीत ती दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात देखरेख समितीच्या सल्ल्याने कोणाला काय दिले हे मुदतीपूर्वीच उघड करावे लागले. कारण जोडी घेणाऱ्यांची हाडे अधिक मोडत होती व मृत्यूही अधिक दिसत होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या हिशेबात जोडीवाल्यांपैकी शंभरांत २९ जणांचे अस्थिभंग झाले होते, इतरांत ११ जणांचे. ही चाचणी झाली नसती, तर ही जोडी दवाखान्यांतून सद्हेतूनेच दिली गेली असती आणि मोडलेल्या हाडांचा दोष रोगाच्या माथी गेला असता. पुढे हाडे सांभाळणाऱ्या औषधाची सक्ती करून रेडियमची जोडी एन्झालुटामाइड या दुसऱ्या औषधाशी जमवली गेली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा काळ वाढल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. डोसेटॅक्सेल आणि लेनालिडोमाइड यांच्या जोडीची कथाही दुःखदच आहे. १,०५९ रुग्णांच्या त्या चाचणीत जोडीनेच मृत्यू वाढले आणि ती थांबवावी लागली.

सध्या काही रुग्णांना तीन औषधे एकत्र दिली जातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,३०० रुग्णांच्या ॲरासेन्स या चाचणीत संप्रेरक-उपचार व डोसेटॅक्सेल यांना डॅरोलुटामाइडची जोड दिल्याने मृत्यूचा धोका सुमारे एकतृतीयांशाने घटला. येथेही प्रश्न काय विचारला होता हे नीट पाहावे. डोसेटॅक्सेलवाल्यांना डॅरोलुटामाइडने लाभ झाला, एवढेच त्यातून सिद्ध होते; डॅरोलुटामाइड घेणाऱ्याला डोसेटॅक्सेलची गरज आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. उलट ॲबिराटेरॉन आणि एन्झालुटामाइड या दोन उत्तम औषधांची जोडी १,३११ रुग्णांत पारखली असता, २०२३ च्या निष्कर्षानुसार आयुष्यात अर्थपूर्ण वाढ झाली नाही. त्रास मात्र वाढला.

भारतातही अशा चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत करण्याची सोय २००७ पासून आहे व २००९ पासून ती सक्तीची आहे. चाचणीत भाग घ्यायचा की नाही, हे रुग्णानेच सर्व माहिती समजून घेऊन ठरवायचे असते, आणि संमती दिल्यावरही ती केव्हाही मागे घेण्याचा त्याला हक्क असतो. चाचणीत नसलेल्या रुग्णाने वा त्याच्या मुलांनीही डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही जोडी कशाच्या तुलनेत पारखली गेली? रोग एवढाच पसरलेल्या रुग्णांवर ती पारखली होती काय? तिने आयुष्य वाढले, की केवळ रक्तातील आकडा उतरला? या प्रश्नांची जी उत्तरे आज देता येतात, ती चिठ्ठीने वाट्याला आलेला उपचार पत्करणाऱ्या हजारो वृद्धांनी मिळवून दिलेली आहेत. त्यांतील कित्येकांना स्वतःला त्या उपचाराचा लाभ झाला नाही. काहींची तर हाडेही मोडली. नंतरच्या रुग्णाला तीच जोडी दिली जात नाही, हे त्यांचेच देणे होय.